लोगो पूर्ण, चुणी नाही

४ मार्च, मंगळवार

आज आलेले सामान:
तबकड्या, चोवीस नग, कंपनीकडून. किंमत शून्य, पोचणावळ ३८०.
शर्ट, सहा नग, छातीवर मलमाचा लोगो. शून्य.
सांधेदुखीचे मलम, बारा ट्यूबा. शून्य. (ह्यांच्या गुडघ्यांची वर्षाची सोय झाली.)
करारपत्र, अकरा पाने. वकिलाने वाचून दाखवायचे घेतले ५००.
स्टॉपवॉच, एक, माझ्यासाठी. ३१०. दुकानदार ३५० वर अडून बसला होता.
एकूण खर्च १,१९०.

मुलगा डिस्क गोल्फ खेळतो. कुणी विचारले तर मी सांगते, गोल्फच, पण चेंडूऐवजी तबकडी फेकायची, आणि भोकाऐवजी खांबावरच्या लोखंडी टोपलीत, लटकत्या साखळ्यांवर आपटून पाडायची. अठ्ठावीस वर्षांचा माणूस तबकड्या फेकतो हे सांगताना आजवर जीभ अडखळायची. आज करार आला, आता अडखळणार नाही.

कंपनी महिन्याला ६,००० देणार. शिवाय टीव्हीवर छातीवरचा लोगो जितके सेकंद पूर्ण वाचता येईल तितक्या सेकंदांना चाळीसच्या दराने, अर्धवट दिसला तर वीसने. कंपनी लहान आहे, बसून बघायला त्यांच्याकडे माणूस नाही. म्हणून सेकंदांचा तक्ता घरच्या माणसाने स्वतः बघून, हाताने लिहून, सही करून पाच तारखेच्या आत टपालाने धाडायचा. कलम सातवे: चौकटीत दुसऱ्या खेळाडूच्या जाहिरातदाराचे नाव वाचता येत असेल तर त्या सेकंदांचे निम्मे कापणार, म्हणून शेजारी कोण होते, कसे उभे होते, ते शेऱ्यात लिहायचे.

"हे काम आई करेल," मुलगा म्हणाला. "तिच्यासारखं मोजणारं दुसरं कुणी नाही."

देवासमोर बसून सांगितले की खोटा सेकंद एकही लिहिणार नाही.

१६ मार्च, रविवार

तीन तास प्रक्षेपण. टीव्हीच्या डबीवर रेकॉर्डही केले, म्हणजे थांबवून बघता येते.

खेळाडूंचे चौघाचौघांचे गट असतात आणि कॅमेरा फक्त सर्वांत पुढच्या चौघांमागे फिरतो, हे मला माहीत नव्हते. आमचा सदतिसावा. तो मैदानात होता की घरी झोपला होता, टीव्हीला त्याचे काही नाही. दुसऱ्या तासाला मागे कोणी पाणी पिताना दिसले, तो आमचा होता. लोगो बाटलीखाली. दोन सेकंद, अर्धे.

पहिल्या चौकडीत डावरा होता. डाव्या हाताने फेकतो म्हणून डावरा. आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत टायर टांगून दोघे एकत्रच शिकले. त्याची आई तो सात वर्षांचा असताना गेली, तेव्हापासून दुपारी आमच्याकडेच जेवायचा. मला मावशी म्हणतो. टीव्हीवर त्याच्या बाहीवर कुठल्याशा बुटांच्या दुकानाची पट्टी होती. मी सवयीने त्याचेही सेकंद मोजले: सहाशे चार. दुकान त्याला वर्षाला दोन जोड बूट देते.

५ एप्रिल, शनिवार

मार्चचा तक्ता पाठवला. दोन सेकंद गुणिले वीस, चाळीस. रजिस्टर टपालाचे ३८. शिल्लक दोन.

हे म्हणाले, "दोन! लॉकर घेऊन ठेव."

१३ एप्रिल, रविवार

दहाव्या टोपलीशी मुलाची तबकडी साखळ्यांना लागून बाहेर पडली. तसे सगळ्यांचेच होते. पण ह्याने टोपलीला लाथ घातली. मग दोन्ही हातांत साखळ्या धरून मागे रेलला आणि ओढल्या. तीन साखळ्या कड्यांसकट उपटून आल्या. त्या फेकून दिल्यावर खांबावर नुसत्या मुठीने मारत राहिला. लोखंडावर हाड वाजते तो आवाज टीव्हीत स्पष्ट आला. बोटांच्या सांध्यांवरची कातडी सोलून लोंबली तरी मारत होता. त्याच्या गटातले तिघे लांब जाऊन उभे राहिले.

कॅमेरावाला पहिल्या चौकडीला सोडून पळत आला.

मी आधी घड्याळ दाबले आणि मग देवाचे नाव घेतले. क्रम चुकला. त्याची क्षमा मागितली.

५१ सेकंद, पूर्ण.

१४ एप्रिल, सोमवार

तो तुकडा आतापर्यंत नऊ वेळा दाखवला. करारात "प्रत्येक प्रक्षेपण" असे आहे, वकिलाने त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून दिली होती. ५१ गुणिले ९, ४५९. गुणिले ४०, १८,३६०. तीनदा गुणून पाहिले.

वाहिनीने मुलाला नाव दिले आहे, साखळतोड. हे सकाळपासून खुशीत. गल्लीतल्या न्हाव्याकडे दाढीला गेले आणि तासाभराने आले. म्हणाले, "तिथं सगळे साखळतोडचे बाबा म्हणत होते. तीस वर्षं कुलपांच्या कारखान्यात काढली, मेलं कुणी नावानं हाक मारली नव्हती."

कंपनीच्या साहेबांचा फोन आला. मी घाबरतच घेतला.

"आई, हात कसा आहे त्याचा?"

"सुजलाय. तुमचंच मलम लावलं."

"वा! लावताना फोटो काढा की एखादा. आणि हे बघा, आम्ही कुणाला असं कर तसं कर म्हणून सांगत नाही हं. आमची कंपनी सभ्य आहे. पण कसंय, तो खाली वाकून मारतो ना, तेव्हा छाती दिसत नाही. अकरा-बारा सेकंद वाया गेले बघा तुमचे."

मी म्हटले ते मी धरलेच नाहीत. ते म्हणाले, "म्हणून तर तुमच्यावर आमचा विश्वास आहे."

२२ एप्रिल, मंगळवार

आलेले: शर्ट, आठ नग, नवीन. लोगो आता छातीवर, पाठीवर आणि दोन्ही बाह्यांवर कोपरापर्यंत. म्हणजे हात उगारला तरी वाचता येतो. कंपनीचे लोक विचार करून काम करतात.

कापड मात्र हलके आहे, लगेच चुण्या पडतात. चुणी पडली की एखादे अक्षर बुडते आणि सेकंद अर्धा धरावा लागतो. मुलाला अंगणात उभे करून दाखवले, की कॅमेरा दिसला की आधी खालची कड दोन्ही हातांनी धरून शर्ट ओढून घ्यायचा, मग जे करायचे ते करायचे. तीन-चार वेळा करून घेतले. लहानपणी शाळेत जाताना असाच उभा राहायचा.

४ मे, रविवार

आज त्याने एका बघ्याला मारले.

बघ्या दोरीपलीकडे उभा होता. मुलाची तबकडी झाडात अडकली तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "साखळतोड, आता झाड तोड!" बाकीचेही हसले. मीसुद्धा इथे किंचित हसले, ते लिहून ठेवते.

मुलगा दोरी ओलांडून गेला. आधी शर्ट ओढून नीट केला. मग कोपराने तोंडावर मारले. माणूस खाली बसला तेव्हा त्याच्या केसांना धरून वर केला आणि पुन्हा मारले. दुसऱ्या फटक्याला काहीतरी पांढरे उडाले, थांबवून पाहिले तर दात. मग तो पडल्यावर पोटात लाथा, चार. त्या माणसाची बायको ओरडत होती, "बास, बास हो, बास." चौथ्या लाथेनंतर पंचांनी धरले.

३८ सेकंद. संध्याकाळपर्यंत तुकडा बावीस वेळा आला. ३३,४४०. वजा दंड १२,०००, वजा दोन दातांचे ९,०००. निव्वळ १२,४४०.

हे टाळ्या वाजवत होते. "माझा हात आहे त्याच्यात," म्हणाले.

ते खरे आहे. मुलगा लहान असताना हे पट्ट्याने मारायचे. मी आतल्या खोलीत देवासमोर डोळे मिटून बसायची आणि मोजायची. मध्ये पडले तर जास्त मारतील असे वाटायचे, आणि मोजले नाही तर ते संपणारच नाही असे वाटायचे. एकदा सत्तावीस झाले होते. नंतर मुलाने मला विचारले, "आई, किती झाले?" मी सांगितले. तो म्हणाला, "मला तीस वाटले." आकडा कमी निघाल्याचे त्याला बरे वाटले होते.

हे कुठल्या ओघात लिहिले कळत नाही. हिशेब वर आहेच.

१७ मे, शनिवार

डावरा आला होता, दोन वर्षांनी. येताना अंडी आणली, एक डझन. मी किंमत विचारली, त्याने सांगितली नाही.

मुलगा पलंगावर पडून स्वतःचेच तुकडे बघत होता. डावरा दारातच उभा राहिला.

"काय रे, माझ्या टोपल्या शिल्लक ठेव पुढच्या आठवड्याला."

"तू ये दोन जोड बूट घालून. एक पायात, एक हातात."

दोघे हसले. मग डावरा बसला आणि म्हणाला, "खरं सांगू? तुझा हात माझ्यापेक्षा चांगलाय. नुसता खेळलास ना, तरी कॅमेरा येईल तुझ्याकडे."

"तुझ्याकडे येतो ना. किती मिळतात?"

"नाही मिळत."

"मग?"

"मग काय. खेळतो."

"सभ्य माणसाला कोण बघतं रे," मुलगा म्हणाला. "तुला तुझी बहीण बघते आणि माझी आई. ती पण घड्याळ घेऊन."

डावरा माझ्याकडे वळला. "मावशी, माझे पण मोजता?"

मी म्हटले, "सवय आहे."

जाताना तो मला हळूच म्हणाला, "त्याला सांगा ना काहीतरी. त्या माणसाची बायको कशी ओरडत होती." मी म्हटले सांगते. सांगितले नाही. समोर मोठी स्पर्धा आहे, त्याचे मन का बिघडवा.

२५ मे, रविवार

मुलगा आज पहिल्यांदा पहिल्या चौकडीत होता. कालच्या दिवशी तो खरेच सुंदर खेळला होता. एकही टोपली मोडली नाही, कुणाला शिवी नाही. त्याला आज दिवसभर दाखवणार म्हणून मी स्वयंपाक पहाटेच उरकला.

डावरा दोन फेकींनी पुढे होता.

चौदाव्या टोपलीशी मुलाने तबकडी फेकली आणि ती चाळीस पावलांवर उभ्या डावऱ्याच्या तोंडावर लागली. लांब जाणारी तबकडी पातळ कडेची असते. कड उजव्या डोळ्यात गेली. डावरा आधी नुसता उभा राहिला, काही न झाल्यासारखा. मग गुडघ्यांवर आला, दोन्ही हात तोंडावर, बोटांच्या फटींतून रक्त कोपरापर्यंत. आणि मग जो आवाज केला तो माणसाचा वाटत नव्हता. कॅमेरावाला अगदी जवळ गेला. डावऱ्याने हात काढला तेव्हा डोळ्याच्या जागी काय होते ते मला लिहिता येणार नाही.

समोर माणूस असला तर फेकताना "फोर" म्हणून ओरडायचे, हे ह्या खेळात पोरांनाही ठाऊक असते. मुलगा ओरडला नाही. नंतर तो माईकपुढे म्हणाला, "उन्हाची तिरीप आली, तो दिसलाच नाही. हातातून निसटली." रडत होता. मीही रडले.

घड्याळ चालू राहिले होते. बंद करायचे सुचलेच नाही.

२८ मे, बुधवार

तो तुकडा तीन दिवसांत चौसष्ट वेळा दाखवला. परदेशी बातम्यांतही आला, ज्यांना हा खेळ ठाऊक नाही तेही बघतात. नियमाप्रमाणे प्रत्येक वेळी स्वतः बघायचे असते. बघितले. चाळीसच्या पुढे मी बघता बघता भाजी निवडू लागले. तेव्हा मला स्वतःची भीती वाटली, आणि मी पुढचा मोजला.

दर वेळी तुकडा फेकीपासूनच सुरू होतो. त्याच्या आधीचे फक्त रविवारी, एकदाच दिसले. ते माझ्या रेकॉर्डमध्ये आहे. ती रांग नीट लिहिली, कारण तिथे कलम सात लागू होते:

"रांग १८. चौदावी टोपली. सेकंद ४१ ते ४४. कॅमेऱ्याकडे वळून शर्ट ओढून सरळ केला, मग पुढे बघितले. लोगो पूर्ण, चुणी नाही. चौकटीत पलीकडे डावराही आहे, आमच्या मुलाकडे तोंड, ४२ पासून उजवा हात वर, पंजा उघडा. हात वर केल्याने बाहीवरची बुटांच्या दुकानाची पट्टी दुमडली, वाचता येत नाही. म्हणून वजावट नको."

पट्टी खरेच वाचता येत नाही ना, हे थांबवून थांबवून अकरा वेळा पाहिले.

दिवसभराचे आणि तुकड्यांचे मिळून १,२१२ सेकंद. ४८,४८०. इतकी रक्कम ह्या वहीत कधी चढली नव्हती.

२ जून, सोमवार

तक्ता रजिस्टरने गेला. कार्बन प्रत नेहमीप्रमाणे घरी.

खेळाच्या समितीने तेवीस तारखेला चौकशी ठेवली आहे. अपघात ठरला तर मुलगा निर्दोष. मग दोष डावऱ्याचा, कारण फेकणाऱ्याच्या पुढे जाऊन उभे राहू नये असा नियम आहे. आणि मग खेळाडूंचा विमा त्याच्या दवाखान्याचा एक पैसाही देणार नाही. त्याच्या बहिणीने शिवणयंत्र विकले म्हणे. समितीने वाहिनीकडे फेकीच्या आधीचे चित्रण मागितले. वाहिनी म्हणाली, बाजूच्या कॅमेऱ्याचे जपून ठेवत नाही.

पेपरात हे वाचून मला वाटले, किती निष्काळजी लोक. मी तर किराण्याच्या पावत्यासुद्धा पाच वर्षे ठेवते.

६ जून, शुक्रवार

मलमवाले साहेब स्वतः घरी आले. फळांची टोपली घेऊन. आमच्या घरात टोपली बघून मला कसेसेच झाले. मुलगा आणि हे दोघेही बसले होते.

साहेबांनी माझा तक्ता टेबलावर ठेवला. "आई, अक्षर काय सुंदर आहे हो तुमचं. फक्त ही अठरावी रांग काढून तक्ता पुन्हा लिहा."

"का? चूक आहे?"

"चूक नाही. नको आहे."

"चार सेकंद आहेत, एकशे साठ होतात. खरे आहेत ते. पट्टी दुमडलेली आहे, वाटल्यास रेकॉर्ड दाखवते."

"रेकॉर्ड आहे अजून?" साहेबांनी मुलाकडे पाहिले. मुलगा म्हणाला, "होतं. सकाळी पुसलं." मला ते ठाऊक नव्हते.

साहेब म्हणाले, "हे बघा, एकशे साठ सोडा, आम्ही वीस हजार वेगळे देतो."

"कशाचे?"

"असेच. तुमच्या मेहनतीचे."

"असेच म्हणजे? मी कोणत्या खात्यावर लिहू?"

साहेब हसले. हे पण हसले. "लिही कुठंतरी. किरकोळमध्ये लिही," हे म्हणाले.

"वीस हजार किरकोळ?"

मुलगा हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता, लहानपणी आकडा विचारताना बघायचा तसा.

मी म्हटले विचार करते. चार सेकंद सोडायचे वीस हजार कुणी का देईल, हे गणित मला सुटत नाही. साहेब तक्ता ठेवून गेले. सोमवारी माणूस पाठवतो म्हणाले.

८ जून, रविवार

बसने तीन तास, जाऊन-येऊन भाडे ९४. डावऱ्याला बघायला गेले. घरी बहिणीकडे जाते सांगितले. खोटे होते, नोंद करते.

दवाखान्याचा मोठा हॉल, बावीस खाटा. त्याची बहीण मला बघून उठून बाहेर गेली. मी भाज्यांचे सूप नेले होते. डावऱ्याच्या अर्ध्या डोक्याला पट्टी. उजवा डोळा काढला. डाव्यालाही धूसर दिसते, तो वाचेल की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत.

"कोण, मावशी? साबणाच्या वासानं ओळखलं."

मी त्याला चमच्याने भरवू लागले. सात वर्षांचा होता तेव्हाही असाच तोंड आधीच उघडून बसायचा.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "मावशी, एक विचारू? मी हात वर केला होता ना?"

मी पुढचा चमचा भरला.

"मला वाटतं मी केला होता. थांब, मी इथं आहे म्हणून. त्यानं माझ्याकडे बघितलं पण होतं. पण सगळे म्हणतात नव्हता केला. तो म्हणतो, पंच म्हणतात, टीव्हीवर पण नाहीच. मग मला असं वाटतं, की डोक्याला लागलं म्हणून मी मनानंच रचतोय. डोळ्याचं एक वेळ जाऊ दे. पण मी खोटारडा आहे की काय, हे मला कळायला नको? तुम्ही तर सगळं मोजून बघता. तुम्ही बघितलं का?"

मी म्हटले, "सूप गार होतंय."

त्याने तोंड उघडले.

येताना बसमध्ये माझा थांबा मागे गेला तरी कळले नाही. चालत आले.

९ जून, सोमवार

साहेबांचा माणूस आला. तक्ता तयार नाही म्हणून सांगितले. उद्या या.

अठराव्या रांगेची कार्बन प्रत कपाटाच्या खणातून काढून वाचली. शर्ट ओढून सरळ केला, मग पुढे बघितले. पलीकडे डावरा, हात वर.

प्रत प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली.

११ जून, बुधवार

डाव्या हाताने लिहीत आहे. अक्षर वाईट येते.

काल सकाळी मुलगा म्हणाला, "लिहिला का?" मी म्हटले नाही, आणि लिहिणारही नाही, रांग खरी आहे. तो म्हणाला, "आई, मला बाहेर काढतील. जन्मभरासाठी." मी विचारले, "तुला तो दिसला होता का?"

त्याने टेबलावरचा तक्ता घेतला आणि चार तुकडे केले. मग म्हणाला, "कार्बन कुठंय? तू कार्बन ठेवतेस, मला माहितीय."

कपाटाचा खण उपसून कागद जमिनीवर टाकू लागला. पाच वर्षांच्या पावत्या, लाईटबिले, ह्यांची औषधे. मी कागद वाचवायला खणात हात घातला, आणि त्याने खण ढकलून बंद केला. माझा हात आतच होता.

"कुठंय?"

त्याने खण उघडला आणि पुन्हा ढकलला. जड लाकडाचा खण आहे, कुलूपवाला, ह्यांच्या कारखान्याचा. बोटे मोडल्याचा आवाज मला ओळखीचा वाटला, खांबावर हाड वाजले होते तसा. "कुठंय? आई, सांग ना. सांग ना." तोही रडत होता. पुन्हा उघडला, पुन्हा ढकलला. हे खुर्चीत होते. टीव्हीचा आवाज त्यांनी वाढवला.

किती वेळा, ते मी मोजले नाही. पहिल्यांदाच.

मग तो दमला आणि बाहेर निघून गेला. प्रार्थनेच्या पुस्तकाला ह्या घरात माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही.

हे उठून आले. माझा हात बघितला आणि कंपनीच्या मलमाची ट्यूब पुढे केली. "लाव," म्हणाले. "तापट आहे जरा. मनात नसतं त्याच्या."

मी ट्यूब घेतली नाही. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात एकटीच गेले. तीन बोटे मोडली. प्लास्टरसकट १,७५०. डॉक्टरांनी कसे झाले विचारले. खणात सापडला म्हटले. मग म्हटले, "नाही. मुलाने खण लावला." ते लिहून घ्यायला सांगितले. त्यांनी लिहिले.

पंचवीस मेच्या ४८,४८० समोर खात्याची जागा कोरीच ठेवली आहे. ते कोणत्या खात्यावर लिहावेत, मला माहीत नाही.

१२ जून, गुरुवार

आज पाठवलेल्या पत्राची नक्कल. कार्बन घालायला दुसरा हात नाही, म्हणून आधी इथे लिहिले.

चि. डावऱ्यास मावशीचा आशीर्वाद.

हे पत्र बहिणीकडून वाचून घे. अक्षर माझेच आहे, उजवा हात सध्या चालत नाही.

तू रविवारी विचारलेस आणि मी सूप गार होतंय म्हणाले. उत्तर असे आहे. तू हात वर केला होतास. उजवा. पंजा उघडा. बेचाळिसाव्या सेकंदापासून चव्वेचाळिसाव्यापर्यंत, आणि त्यानंतर त्याने फेकली. मी ते अकरा वेळा थांबवून पाहिले आहे. तेव्हा मी तुझ्या बाहीवरची पट्टी बघत होते, तुला बघत नव्हते. म्हणून मला तेव्हा कळले नाही. तू काही रचलेले नाहीस.

सोबत मे महिन्याच्या तक्त्याची प्रत आहे. रांग अठरावी. खाली सही माझी, तारीख घटनेनंतरच्या तिसऱ्या दिवसाची, आणि कंपनीला तक्ता रजिस्टरने पोचल्याची पावती टाचली आहे. समितीपुढे ठेवायची की नाही ते तू आणि तुझी बहीण ठरवा. ठेवलीत तर मी येऊन उभी राहीन आणि माझ्या मुलासमोर सांगेन. शर्ट ओढून उभे राहायला त्याला मी शिकवले, तेही सांगेन. त्याने विचारले तर प्रत मी धाडली हे लपवणार नाही.

तुम्हा बहीणभावांच्या घरी मला येऊ द्याल असे मी धरून चाललेले नाही. बहीण रागावली असेल तर तिचे बरोबर आहे.

डाव्या डोळ्याला आता किती दिसते? पट्टी काढून बोटे मोजायला सांगतात तेव्हा खरे तेवढेच सांग, मला बरे वाटावे म्हणून जास्त नको.

उत्तर घरच्या पत्त्यावर पाठवू नकोस. आमच्या पोस्टातल्या बाईंना सांगून ठेवले आहे, माझ्या नावाचे पत्र त्या खिडकीतच ठेवून घेतील. मी रोज सकाळी जाऊन विचारीन. तेवीस तारीख जवळ आली आहे. प्रत हाती पडली, आणि ती तू वाचून घेतलीस, एवढे दोन शब्द उलट टपाली कळव.